'यमुनापर्यटन'वरचा लेख छापण्याआधी कुणाला दाखवावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुमारास रविवार पुरवणीसाठी ख्रिस्ती मराठी साहित्यावर लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती बहुधा बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' लागते. १८५७ सालचे हे पुस्तक आकाराने लहान, आजच्या मापाने लघुकादंबरीच. लेख तयार झाला की तो दोघा-तिघा मित्रांना पाठवून 'कसा वाटला?' असे विचारले जाते, 'छान झालाय' असे उत्तर येते आणि लेख तसाच छापायला जातो. या पुस्तकावरच्या लेखात चुका कुठे होतात हे ठरल्यासारखे आहे. मात्र त्या चुका मित्रांच्या नजरेला पडत नाहीत. म्हणून अभिप्राय कुणाचा घ्यावा आणि काय विचारून घ्यावा, याबद्दल आपल्या लेखक-वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

तीन वाचक पुरेत, पण तिघांचे काम वेगळे हवे. पहिल्याने मूळ पुस्तक वाचलेले असावे. दुसरा ख्रिस्ती वाचक असावा. तिसऱ्याने पुस्तकाचे नावही ऐकलेले नसले तरी चालेल, उलट तेच बरे.

पहिल्या वाचकाला लेखासोबत अवतरणांची वेगळी यादी द्यावी आणि प्रत्येक अवतरणापुढे आवृत्ती व पान लिहावे. हे सांगण्याचे कारण साधे आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मराठीत 'नाहीं', 'तें', 'केलें' असेच दिसते. लेखात '१८५७ च्या आवृत्तीतून' असे म्हणून अनुस्वाराशिवायचे वाक्य दिले असेल, तर ते नंतरच्या आवृत्तीतून घेतलेले किंवा टंकताना 'सुधारलेले' आहे, हे जाणता वाचक पहिल्या ओळीतच ओळखतो. नंतरची आवृत्ती वापरण्यात काही गैर नाही, पण तसे सांगावे. जुनी प्रत पाहायची असेल तर ठाणेकरांनी पहिला फेरा १८९३ पासून चालू असलेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मारावा. 'महाराष्ट्र सारस्वत' हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांच्या गावात जुने पुस्तक न पाहता जुन्या पुस्तकावर लिहिले जावे, हे आम्हाला खरेच लागते.

याच वाचकाकडून 'पहिली' या शब्दाचीही तपासणी करून घ्यावी. 'यमुनापर्यटन'ला पहिली मराठी कादंबरी म्हणतात ते स्वतंत्र लेखन म्हणून. तिच्याआधी १८४१ मध्ये हरि केशवजींचे 'यात्रिकक्रमण' आले होते, पण ते भाषांतर. लिहिता लिहिता उत्साहात 'पहिली भारतीय कादंबरी' असे उतरले, तर ते टिकत नाही. बंगालीत हॅना कॅथरिन मलेन्स यांची ख्रिस्ती कथा 'फुलमणि ओ करुणार बिबरण' १८५२ मध्येच छापली गेली होती. आणखी एक घोटाळा नायिकेच्या नावाचा. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ची नायिकाही यमूच, तीही विधवा, आणि केशवपनाचा प्रसंग वाचकांच्या मनात पक्का बसलेला आहे तो तिथला. एका यमुनेच्या वाट्याचे दुःख दुसरीच्या नावावर चढवले जाते. विनायकाबरोबर प्रवासाला निघालेली, वाटेत ठिकठिकाणी विधवांच्या हकिकती ऐकणारी, पुढे स्वतः विधवा होणारी आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करणारी ती पदमनजींची यमुना.

ख्रिस्ती वाचक निवडताना 'कुणीही चालेल' असे समजू नये. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) बेळगावचे. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो प्रॉटेस्टंट मिशनच्या वातावरणात. ठाण्यात तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च कॅथलिक आहे, तर सेंट जेम्स चर्च प्रॉटेस्टंट परंपरेतले. दोन्हीकडचे लोक ख्रिस्तीच, पण बोलण्यातले शब्द वेगळे. कॅथलिक घरात 'मिस्सा', 'फादर', 'धर्मग्राम' हे शब्द असतात. प्रॉटेस्टंट घरात 'पाळक', 'मंडळी', 'प्रभुभोजन', 'पवित्र शास्त्र'. 'यमुनापर्यटन'वरच्या लेखात 'फादर' आणि 'मिस्सा' आले, तर सर्वसाधारण वाचकाला काही खटकणार नाही, पण जाणत्याला लगेच कळते की लेखकाला पदमनजींची परंपरा माहीत नाही. बायबलच्या पुस्तकांची संख्यासुद्धा सारखी नाही, प्रॉटेस्टंट ६६ मानतात आणि कॅथलिक ७३. म्हणून पदमनजींवरचा लेख शक्यतो प्रॉटेस्टंट वाचकाला दाखवावा, आणि फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'वरचा कॅथलिक वाचकाला.

या वाचकाला 'तुमच्या भावना दुखावतात का?' असे विचारू नये. त्यावर भिडेखातर 'नाही' असेच उत्तर मिळते. त्याच्या हाती पेन्सिल द्यावी आणि सांगावे, की घरात आपण वापरणार नाही असा प्रत्येक शब्द अधोरेखित करा. मग 'बाटला' हा शब्द लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात आलेला सापडतो. तो त्या काळच्या समाजाचा शब्द आहे, अवतरणात राहू द्यावा, लेखकाच्या निवेदनात नको. 'ख्रिश्चन' चूक नाही, पण मराठी ख्रिस्ती माणूस स्वतःला 'ख्रिस्ती' म्हणवतो. एकदा धरलेले रूप शेवटपर्यंत ठेवावे. 'पदमनजी' आणि 'पद्मनजी' यांतलेही एकच.

ख्रिस्ती वाचकाने लेखातल्या टीकेवर हरकत घेतली तर काय करायचे, हा अवघड भाग. आमचे मत असे, की हरकतीचे दोन भाग करावेत. 'पुस्तकात असे नाही' ही हरकत असेल तर पान उघडून पाहावे आणि चूक असल्यास निमूटपणे दुरुस्त करावी. 'असे म्हणायला नको होते' ही हरकत असेल तर ऐकून घ्यावी, आपले कारण पुन्हा तपासावे, पण मत लेखकाचेच राहावे. पुस्तक 'प्रचारकी' आहे असे एका शब्दात म्हणून मोकळे होणे मात्र कोणत्याही वाचकाने अडवावे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा आणि हे पुस्तक पुढच्याच वर्षीचे. धर्माचा उपदेश आणि विधवांच्या स्थितीचे वर्णन त्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. कोणत्या पानावर उपदेश कथेला दाबतो आणि कोणत्या पानावर कथा त्याच्यापुढे जाते, हे दाखवले तरच त्या शेऱ्याला अर्थ.

तिसऱ्या वाचकाला फक्त एक काम सांगावे, जिथे ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली तिथे फुली मारा. हजार शब्दांच्या लेखात कथासार ३०० शब्दांच्या पुढे गेले की फुल्या तिथेच दाटतात.

प्रत कशी द्यावी हेही महत्त्वाचे. कागदावर दुप्पट अंतर सोडून, उजवीकडे रुंद समास ठेवून, परिच्छेदांना आकडे घालून द्यावी. म्हणजे फोनवरही 'चौथ्या परिच्छेदाची दुसरी ओळ' असे बोलता येते. मोबाईलवर वाचणारा शेवटपर्यंत जाऊन अंगठा दाखवतो, खुणा करत नाही. वाचायला आठ-दहा दिवस द्यावेत. पुरवणीची पाने रविवारच्या बऱ्याच आधी लागतात, तेव्हा गुरुवारी पाठवून शुक्रवारी उत्तर मागणे म्हणजे न विचारण्यासारखेच. वाचक बोलत असताना बाजू मांडू नये, लिहून घ्यावे. आलेल्या खुणांचे तीन गट करावेत: मान्य, अमान्य आणि पुस्तकात तपासायचे. दोन वाचकांनी एकाच ओळीवर बोट ठेवले आणि दोघांनी उपाय उलटसुलट सुचवले, तरी ती ओळ बदलावीच. दुखते कुठे हे वाचक बरोबर सांगतो, औषध लेखकाने शोधायचे असते.

आता आपल्या संपादकीय विभागाकडे दोन विनंत्या. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉण्टमध्ये नेताना 'ख्रिस्ती'तला रकार गळतो आणि 'खिस्ती' छापले जाते. या एका शब्दासाठी पान लावल्यावर शोध घेऊन पाहावे. आणि दुसरी, मथळा व छायाचित्राखालची ओळ ही बहुतेक वेळा लेखकाने लिहिलेली नसते. तिघा वाचकांनी लेखातून काढून टाकलेली 'पहिली भारतीय कादंबरी' मथळ्यातून परत येऊ शकते. तेव्हा पान छपाईला जाण्यापूर्वी त्या दोन ओळी लेखकाला फोनवर वाचून दाखवाव्यात.

आपले,
जुन्या मराठी ग्रंथांचे काही वाचक, नौपाडा, ठाणे