चि. सोनालीस, बॅगेबरोबर

कोल्हापूर
रविवार, रात्री

चि. सोनाली,
अनेक आशीर्वाद.

लाल बॅग मंग्याबरोबर पाठवतोय. तो उद्या सकाळच्या गाडीनं स्वारगेटला उतरेल. वेळेवर घ्यायला ये, नाहीतर कुठल्यातरी चहाच्या गाड्यावर ठेवून तो मोकळा होईल, त्याचं तुला माहीत आहेच. बॅग मी आईच्या शिलाईच्या टेपनं मोजली. लांबी, रुंदी, उंची मिळून चाकांसकट १५४ सेंटिमीटर भरली. तुझ्या जपानच्या सहलीत टोकियो-क्योटो शिंकान्सेनमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या वेगवान गाडीत, १६० च्या वरच्या बॅगेला जागेचं वेगळं आरक्षण लागतं, ते आपल्याला लागणार नाही. आईनं टेप ढिला धरला होता म्हणून परत एकदा मोजली.

भाऊबीजेला झालं ते झालं. तुझ्या प्लॅनला मी "ही सहल आहे का पोलीस भरतीचं पळणं" असं सगळ्यांच्या देखत म्हणायला नको होतं. तू "आण्णा, तुम्ही पासपोर्ट तरी काढलाय का कधी" म्हणालीस, त्यात खोटं काही नाही. नाही काढला. चौतीस वर्षं एसटीत गेली, त्यात पणजी, बेळगाव आणि वैशूच्या सासरच्यांमुळं एकदा हैदराबाद, एवढीच आपली धाव. पण चहा न घेता पहाटेच्या गाडीनं निघून गेलीस ते आईला लागलं. मला नाही.

तर विषय असा की प्लॅन मंग्यानं छापून आणला आणि मी तीन रात्री लाल पेन घेऊन बसलो. कंट्रोलर केबिनमध्ये बसायचो तसाच. वेळापत्रक जपानचं असू दे नाहीतर गारगोटीचं, वाचायची पद्धत एकच. गाडी किती वाजता सुटते हे नंतर बघायचं. ती चुकली तर पुढची कधी, हे आधी.

नऊ दिवसांत तू टोकियो, निक्को, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योटो, नारा आणि हिरोशिमा घातलंस. हिरोशिमासमोर "१ तास ४० मिनिटं" लिहिलंस. ती झाली क्योटोतून सुटून हिरोशिमाला लागणारी नुसती गाडी. पुढे मियाजिमा बेटासाठी अर्ध्या तासाची लोकल, मग दहा मिनिटांची बोट. शिवाय खोलीतून स्टेशनला जायचं, फलाट शोधायचा, पहिल्यांदा चुकायचं, परत यायचं. पाण्यात उभं असलेलं ते लाल तोरण बघायला जाऊन-येऊन सहा तास गेले. नोव्हेंबरात तिकडं पाच-साडेपाचला अंधार पडतो म्हणतात. म्हणजे परत येताना रात्र होणार, आणि रात्रीची शेवटची गाडी... जाऊ दे. तो विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

एकतर हिरोशिमा काढून टाक, नाहीतर तिथं एक रात्र वस्तीला राहा. ताकायामा आणि कानाझावा पुढच्या खेपेला. चार रात्री टोकियो, चार क्योटो, बाकी सगळं तिथून जाऊन-येऊन. नारा क्योटोपासून पाऊण तासावर, ओसाका अर्ध्या तासावर. रोज बॅग भरून खोली बदलणाऱ्या माणसाला गाव दिसत नाही, जिने दिसतात.

आणि सात दिवसांच्या रेल्वे पासचा हट्ट सोड. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा दर २९,६५० येनवरून एकदम ५०,००० केला. तू ज्या व्हिडिओवर भरवसा ठेवतेस तो त्याच्या आधीचा असणार. टोकियो-क्योटो एका बाजूचे साधारण १४,००० येन, दोन्ही बाजूंचे २८,०००. हिरोशिमा नसेल तर पास अंगावर पडतो. आपल्याकडं 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढून माणसं काय करायची, मी बघितलंय. पैसे वसूल व्हावेत म्हणून जिथं काम नाही तिथं पण जाऊन यायची, आणि शेवटच्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन पाय चेपत बसायची.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या दिवसाची होती. परतीचं विमान नारिताहून सकाळी अकराला आणि आदल्या रात्री तू क्योटोत. रात्री बारा ते सहा शिंकान्सेन धावतच नाहीत, रुळांची कामं त्या वेळात करतात. सहानंतरची पहिली गाडी धरलीस तरी टोकियोला साडेआठ वाजणार. नारिता तिथून साठ किलोमीटरच्या वर, एक्स्प्रेसनं तासभर. गाडी बदलणं, जिने, बॅग धरून पावणेदहा-दहा. अकराच्या विमानाला दहाला पोचून भागतंय होय?

हे सांगायलाच मी भाऊबीजेला तोंड उघडलं होतं, आणि बाहेर पडलं पोलीस भरती.

परवा मंग्याच्या मोबाईलवर तुझी ती शीट बघितली. शेवटच्या रात्रीसमोरचं क्योटो जाऊन टोकियोतलं उएनो आलेलं. उएनोहून स्कायलायनर गाडी थेट नारिताला, पाऊण तासात. अगदी बरोबर. मला काही कळवलं नाहीस, मीपण फोन केला नाही. त्या रात्री एक भाकरी जास्त खाल्ली, असं आई म्हणते.

आता बसचं सांगतो. वाचताना मला गंमतपण वाटली आणि वाईटपण. क्योटोच्या सिटी बसला कंडक्टर नाही. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं आणि उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत २३० येन टाकायचे. टोकियोत उलटं, पुढून चढायचं आणि चढतानाच पैसे. क्योटोची ती पेटी उरलेले पैसे परत देत नाही. सुट्टे करायचं यंत्र शेजारीच असतं, पण ते आधी करून ठेवायचं, उतरताना माणसं खोळंबवायची नाहीत. सुट्ट्या पैशांवरून मी जन्मभर भांडणं केली, आणि या लोकांनी ते भांडण एका पेटीत बंद करून टाकलं. गावाकडच्या बसला तर चढताना आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं वाढत जातं. म्हणजे आपला टप्पाच की! फक्त टप्पा सांगणारा माणूस काढून टाकला.

पण सुइका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, आल्या आल्या विमानतळावरच घे. पर्यटकांना मिळतं ते २८ दिवस चालतं. टोकियोत आणि क्योटोत दोन्हीकडं लोकल, मेट्रो, बस सगळीकडं टेकवायचं. त्यात पैसे कमी पडू देऊ नकोस. मेट्रोत प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा असतो. गिंझा लाइनवर उएनो म्हणजे जी १६, आसाकुसा जी १९. नाव वाचता नाही आलं तरी आकडा वाढतोय का कमी होतोय एवढं बघ, उलट्या गाडीत बसलीस तर पुढच्याच स्टेशनला कळेल. ही लाइन १९२७ सालची आहे, आशियातली पहिली भुयारी गाडी. आपली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. आणि त्यांची गाडी पाच मिनिटं उशिरा आली तरी स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो, ऑफिसात दाखवायला. हे मी डेपोत सांगितलं तर सगळे एवढे हसले की चहावाला आत डोकावला. तिथं सगळ्यांना सांगून झालंय की आमची सोनाली एकटी जपानला निघाली, टूरबरोबर नाही, स्वतः गाड्या बघून. पाटीलसाहेब म्हणाले, कंट्रोलरची पोरगी आहे. मी काही बोललो नाही. घरी येताना रंकाळ्याला एक जास्तीची फेरी मारली.

टोकियोत खोली शिंजुकूला घेतली आहेस. त्या स्टेशनातून बाहेर पडायच्या वाटाच दोनशेच्या वर आहेत. हॉटेलवाल्याला कुठली वाट ते विचार आणि कागदावर लिहून घे, मोबाईलवर नको, मोबाईल बंद पडतो. आणि तिकडच्या गाड्या रात्रभर चालत नाहीत गं. बारा-साडेबाराला शेवटची, मग पहाटे साडेचार-पाचपर्यंत काही नाही. रात्री दहानंतर टॅक्सीपण महाग. एवढं मोठं शहर, तुला वाटेल असेलच काहीतरी. नसतं.

बघ, काढलाच विषय. आई म्हणाली होती तुमच्याच्यानं होणार नाही.

तू चार वर्षांची होतीस. नाना मामाकडून गगनबावड्याला आलो होतो, तिथून सातची कोल्हापूर गाडी, शेवटची. मामाच्या घरी पाऊस बघत बसलो. तुझी आई तीनदा उठली, तीनदा मी खाली बसवलं. म्हटलं, माझ्या खात्याची गाडी आहे, मला सोडून जाईल का? गाडी बरोबर सातला सुटली, सुटायलाच पाहिजे होती. आपण सात वाजून दहा मिनिटांनी स्टँडवर. मामाच्या गावाकडं परत जायलापण काही नव्हतं. गगनबावड्याचा पाऊस तुला सांगायला नको, समोरचा दिवा दिसत नव्हता. तुला अंगात ताप. मी खाकी कोट काढून तुला गुंडाळलं, कोटाच्या खिशात तिकिटांचा पंच होता, तो तू हातात धरून झोपलीस. आई माझ्याशी सकाळपर्यंत बोलली नाही.

रात्री एक-दीडला एक माणूस आला. प्यालेला होता. काही केलं नाही त्यानं, नुसता खांबाला टेकून आपल्याकडं बघत उभा राहिला. दहा मिनिटं असेल, मला तास वाटला. मग गेला. त्यानंतर मी डोळ्याला डोळा लावला नाही.

ही गोष्ट घरात हसण्यावारी झाली, कंट्रोलरची गाडी चुकली म्हणून. तूपण हसतेस. त्या माणसाचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. आईनं बघितलं होतं का तेपण विचारलं नाही.

तर एवढ्यासाठी. मला माहीत आहे, जपान म्हणजे गगनबावडा नाही. तिथं चौकाचौकात पोलिसांची छोटी चौकी असते, कोबान म्हणतात, पत्ता विचारायलापण लोक तिथंच जातात. नंबर ११०, आजारी पडलीस तर ११९. सकाळच्या गर्दीत बऱ्याच लोकलना बायकांचा वेगळा डबा असतो, फलाटावर गुलाबी पट्टी रंगवलेली दिसेल. बरीच छोटी दुकानं चोवीस तास उघडी. तू पुण्यात रात्री अकराला ऑफिसातून येतेस, मला सांगत नाहीस, पण मला कळतं. तरी शेवटच्या गाडीवर कधी बसू नकोस. शेवटून दुसरीला बस. शेवटची हातात ठेवायची. हे भीतीपोटी सांगत नाही, आम्ही ड्युटी लावतानापण एक गाडी हातात ठेवायचो.

बरं, भीतीपोटीपण सांगतोय.

बॅगेत खालच्या कप्प्यात दाण्याची चटणी, मेतकूट आणि भाजणी आहे. पांढरा रस्सा सोडलास तेव्हापासून तू काय खातेस मला कळत नाही, आणि तिकडं साध्या सूपमध्येपण माशाचं पाणी असतं म्हणतात. तांदळाच्या गोळ्यात आंबट बोराएवढी प्लम घातलेली मिळते, ती चालेल तुला. सर्दीच्या गोळ्या मी काढून घेतल्या, त्यात स्यूडोएफेड्रिन होतं, ते ठरावीक प्रमाणाच्या वर तिकडं चालत नाही. रागावू नकोस. आलं-सुंठ ठेवलंय. पासपोर्ट मात्र खोलीत ठेवून फिरू नकोस, तो कायद्यानं जवळ लागतो.

शिंकान्सेनमध्ये क्योटोला जाताना उजव्या बाजूची ई नंबरची खिडकी मिळते का बघ. हवा स्वच्छ असेल तर फुजी डोंगर त्या बाजूला दिसतो. फोटो मला पाठव. आणि ड्रायव्हर सिग्नलकडं बोट दाखवून मोठ्यानं बोलतो म्हणे, ते कुठं काचेतून दिसलं तर त्याचा पण.

तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. तिकडं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथं साडेआठ, मी जेवायला बसलेला असतो. माझी झोप मोडेल म्हणून फोन टाळायचं कारण नाही.

तुझे,
आण्णा

ता. क. आईनं पत्र वाचलं. म्हणते, तो माणूस तिनंपण बघितला होता. आणि सोनालीला म्हणावं, चहा न घेता निघालीस, त्याचा कप अजून तसाच उपडा ठेवलाय.