दातांच्या तापावर न थांबलेल्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,

सादर नमस्कार.

आमच्या आठ महिन्यांच्या नातीला घेऊन आम्ही रामबागेजवळच्या आपल्या दवाखान्यात आलो, तेव्हा तिच्या अंगात 102 अंश ताप होता, सर्दी-खोकल्याचा मागमूस नव्हता आणि ती कोणाच्याही कडेवर ठरत नव्हती. घरात आणि शेजारीपाजारी सर्वांनी दातांवरच बोट ठेवले होते. मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढून झाली होती. आपण ते सारे शांतपणे ऐकून घेतलेत आणि म्हणालात की, दात येताना बाळ किरकिरते, लाळ गाळते, पण एवढा ताप दातांचा नसतो.

त्यानंतर आपण तिला ज्या रीतीने तपासलेत, त्यासाठी हे पत्र. सुनेला तिला पदराखाली घ्यायला सांगून, ती निवल्यावर आपण पोटाच्या हालचालीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजलेत. या वयात मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक श्वास असले तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते, हे मला तेव्हा समजले. टाळूवरून बोटे फिरवलीत, कान आणि घसा पाहिलात, सगळे कपडे उतरवून अंगावर कुठे पुरळ नाही ना याची खात्री केलीत, आणि दिवसभरात किती दुपटी ओली झाली हे विचारलेत.

यात काहीच सापडले नाही, तेव्हा तापाचे औषध देऊन आम्हाला घरी धाडणे सोपे होते. आपण मात्र लघवी तपासायचे ठरवलेत. चिकटपिशवीत जमा केलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, फसवे येऊ शकते, म्हणून बारीक नळीने नमुना घ्यावा लागेल, हे ऐकून सून कचरली. आपण तिची समजूत काढलीत, आणि नमुना हाती आल्यावरच अँटिबायोटिक सुरू केलेत. लघवीत पू पेशी निघाल्या, आणि पुढे कल्चरनेही संसर्गावर शिक्कामोर्तब केले.

बाळाने दूध सोडले, जागे करूनही ते नीट जागे झाले नाही किंवा आकडी आली, तर वेळ न दवडता थेट एम. वाय. रुग्णालय गाठा, हे आपण कागदावर मराठीत लिहून दिलेत. त्या रात्री तो कागद आमच्या उशाशी होता, आणि त्याचा फार धीर वाटला.

औषधाचा कोर्स पूर्ण झाला आहे आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी निर्दोष आली आहे. पुढे कधीही कारण न कळणारा ताप आला तर आधी लघवी तपासून घ्यायची, ही आपली सूचना तिच्या लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवली आहे.

आपली ऋणी,
एक आजी, इंदूर