नाव सोडून सगळं छापलं!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला 'आदर्श माता' सत्काराचा फोटो पाहिला. खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांची नावं डावीकडून, हुद्द्यांसकट छापली आहेत. वर 'आदी मान्यवर' आहेतच. मागे उभ्या केलेल्या बायांच्या वाट्याला मात्र 'समवेत सत्कारमूर्ती माता' एवढंच. सत्कार नेमका कुणाचा होता हो? मागच्या रांगेत एका पाहुण्याच्या फेट्याच्या तुऱ्याआड जिचा अर्धा चेहरा गेला आहे, ती माझी आई.

कार्यक्रम अकराचा होता, पाहुणे दीडला आले. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी मांडवात काय होतं ते वेगळं सांगायला नको. कूलर दोन होते, दोन्हींची तोंडं स्टेजकडे. पण उशिराचं मला काही वाटत नाही, त्याची सवय आहे.

आईला पुकारलं ते 'सैन्यदलातील सुभेदारांच्या मातोश्री' म्हणून. सुभेदार माझा धाकटा भाऊ. त्याचा आम्हाला अभिमान आहे, प्रश्नच नाही. पण आम्ही भावंडं पाच. मी कापूस-मका करतो, तीन बहिणी आपापल्या सासरी राबतात. आम्हा चौघांवरची तिची मेहनत फुकट गेली, असं संस्थेचं मत दिसतं.

शाल-श्रीफळ झालं, फ्रेम केलेलं सन्मानपत्र हातात दिलं. खाली आल्यावर आईनं चष्मा लावला आणि काचेवर बोट ठेवून एकेक ओळ फिरवत बसली. तिला वाचता येतं असं नाही. १९८० च्या सुमाराला गावात मारुतीच्या पारावर कंदील लावून प्रौढशिक्षणाचा वर्ग भरायचा, तिथे ती जायची. दिवसभर वेचणी करून बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली असायची, पाटीवर पेन्सिल धरली की झोंबायची. पुढे वर्ग बंद पडला. धडे वाचण्यापर्यंत मजल गेलीच नाही, पण स्वतःचं नाव लिहायला आणि ओळखायला आलं. रेशन कार्डावर, मतदार यादीत, जिथे असेल तिथे ती ते बरोब्बर शोधते. त्या फ्रेमवर तिनं दोनदा बोट फिरवलं आणि मला विचारलं, "येम्हा मन्हं नाव कोठे शे रे?"

नव्हतंच. संस्थेचं होतं, अध्यक्षांचं होतं, भावाचं पदासकट ठळक होतं. मी एका पदाधिकाऱ्यांना जाऊन विचारलं, तर ते हसून म्हणाले, "अहो, त्यांच्यामुळेच तर आईंचा सत्कार!" म्हणजे लेकानं आईला जन्म दिला, असा काहीसा प्रकार.

हे कुठे चाललंय, तर जळगावात ज्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं, त्या मुलखात. बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण आज 'सोपानदेवांच्या मातोश्री' असं कोणी म्हणतं का? ओळख उलटीच करून द्यावी लागते. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचं, हा तर सरकारचाच निर्णय. आमची आई चुकली. तिची पोरं फार लवकर जन्मली.

संस्थेला बोलून उपयोग नाही, तुम्हाला बोलतो, कारण पेपर मी पैसे देऊन घेतो. मातृदिनाच्या पुरवणीत पहिलं अख्खं पान सोन्याच्या जाहिरातीचं. आई म्हणजे बांगडी, असं त्यावरून वाटतं. आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, मायजवळ बसून वर्षभराचं बोलून घेतात, त्याची बातमी सातव्या पानावर, पाणीटंचाईच्या खाली, चार ओळी. वार्ताहराला झोका दिसला नाही, की जाहिरात मिळाली नाही?

असो. माझी मागणी साधी आहे. त्या फोटोतल्या सगळ्या मातांची पूर्ण नावं, पाहुण्यांची ज्या अक्षरात छापलीत त्याच अक्षरात, येत्या आठवड्यात छापा. आमच्या आईचं नाव सोबतच्या चिठ्ठीत लिहून दिलं आहे. ते या पत्रात घालू नका, तिनं बजावलंय. एकटीचं नको म्हणते, सगळ्यांबरोबर चालेल.

बाकीची नावं कुठून आणायची, असं म्हणाल तर संस्थेकडेच आहेत. जेवणाचं कुपन देताना टेबलावरच्या मुलानं प्रत्येकीला नाव, गाव, तालुका विचारून वहीत लिहून घेतलं होतं आणि सही केल्याशिवाय कुपन हातात दिलं नव्हतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. अमळनेर