आधी बूट, मग बाइंडिंग: एक आभारपत्र

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही जे समजावलंत ते पहिल्यांदा स्की घ्यायला निघालेल्या कुणालाही उपयोगी पडेल.

मला रिसॉर्टवर वापरता येईल आणि अधूनमधून टूरिंगलाही, म्हणजे लिफ्टशिवाय स्की घालून स्वतः डोंगर चढून जायलाही, नेता येईल अशी एकच जोडी हवी होती. कुठल्याही स्कीचं नाव घेण्याआधी तुम्ही विचारलंत, "लिफ्टने किती वेळा वर जाणार आणि पायी किती वेळा?" टूरिंगची ओढ कितीही असली तरी उत्तर सरळ होतं: बहुतेक वेळा लिफ्टनेच. पुढचं सगळं त्यावरून ठरलं. तेराशे ग्रॅमची स्की चढताना सुखाची, पण टणक बर्फावर वेग घेतला की थरथरते. म्हणून एका स्कीचं वजन १७०० ग्रॅमच्या आसपास आणि मधली रुंदी ९५ ते १०० मिलिमीटर, यावर तुम्ही ठाम राहिलात.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारं यंत्र, तर तुम्ही एकेक हातात देऊन दाखवलंत. फ्रेमचं भक्कम, पण चढताना दर पावलाला टाचेखालचा सांगाडाही उचलायचा. नुसत्या पिनांचं हलकं, चढाईला उत्तम. मात्र रिसॉर्टवरचे रोजचे धक्के पचवण्यात आणि पडताना खात्रीने सुटण्यात त्यातली बरीचशी अल्पाइन, म्हणजे फक्त उतारासाठीच्या नेहमीच्या, बाइंडिंगच्या मागे. २०१८ मध्ये आलेल्या सॅलोमन शिफ्ट या बाइंडिंगमध्ये चढताना चवड्याशी पिना आणि उतरताना अल्पाइनसारखी पकड, हे तुम्ही लीव्हर फिरवून दाखवलंत तेव्हा मनातला गोंधळ संपला. माझ्यासारख्या वापराला हाच प्रकार योग्य, असं मी आता कुणालाही सांगेन.

आणि बूट! टोकाला पिनांसाठी धातूच्या खोबणी नसतील तर असलं बाइंडिंग चढाईला निरुपयोगी, हे तुमच्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. बूट पायाला नीट बसल्याशिवाय स्कीला ड्रिल लावायला तुम्ही तयार नव्हता. डिनचा आकडाही, म्हणजे किती जोर आला की बाइंडिंग सुटेल ते ठरवणारा आकडा, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत पाहूनच लावलात. तो हौसेने वाढवायचा नाही, स्की वेळेवर सुटली नाही तर पायाचं हाड नाहीतर गुडघा जातो, हे बजावलंत.

रिसॉर्टवर ही जोडी आता अंगवळणी पडली आहे. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधून काढायची साधनं, म्हणजे बीकन (संदेश देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं, वापरायला शिकल्याशिवाय स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या) कापून देणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. ते प्रशिक्षण मी पूर्ण केलं आहे. स्किन कापायला स्की घेऊन कधी येऊ, तेवढं कळवा.

तुमची ऋणी,
एक स्कीवेडी