कोनाकची ओळख घड्याळाच्या मनोऱ्यापुरती नको

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील तुर्कस्तानविषयक प्रवासलेखात इझमीर शहराचा उल्लेख इफेससचे प्राचीन अवशेष पाहायला जाण्याआधीचा मुक्काम म्हणून आला आणि त्यातही कोनाक या मध्यवर्ती भागाच्या वाट्याला घड्याळाचा मनोरा, जुना बाजार आणि शहरातले मोठे उद्यान एवढीच यादी आली. यात चुकीचे काही नाही. मात्र हा बाजार टिकला कसा आणि हे उद्यान नेमके तिथेच का, हे न सांगितल्यामुळे वाचकाच्या हाती छायाचित्रांपलीकडे फारसे काही लागत नाही.

ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुलहमीद गादीवर आल्याला २५ वर्षे झाली, त्यानिमित्त १९०१ साली हा मनोरा उभारला गेला. त्याच्या मागे सुरू होणारा केमेराल्ती बाजार मात्र कितीतरी जुना आहे. त्याचा मुख्य रस्ता सरळ न जाता कमानीसारखा वळत जातो, कारण पूर्वी तिथे आतल्या बंदराचा काठ होता. बंदर गाळाने आणि भरावाने हळूहळू बुजत गेले, समुद्र मागे हटला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर दुकाने, मशिदी आणि व्यापाऱ्यांच्या सराया उभ्या राहिल्या. १७४४ साली बांधलेली किझलरआसी हान ही त्यांपैकी सर्वांत देखणी सराई असून तिच्या दगडी चौकात आज कॉफीची टेबले मांडलेली असतात. जवळच्याच गल्लीत मासळी आणि भाजीच्या दुकानांना खेटून जुनी सिनेगॉग आहेत. स्पेनमधून १४९२ साली हाकलल्या गेलेल्या यहुद्यांचे वंशज इथे स्थायिक झाले आणि त्यांचा 'बोयोझ' हा पापुद्र्यांचा पदार्थ आज अख्खे इझमीर न्याहारीला उकडलेल्या अंड्यासोबत खाते. याच समाजातील नेसिम लेवी या व्यापाऱ्याने १९०७ साली काराताश वस्तीत कड्याला लागून एक उद्वाहक (लिफ्ट) बांधून दिला, म्हणजे वरच्या रस्त्याला जाण्यासाठी १५५ पायऱ्या चढण्याचे कष्ट वाचावेत. तो आजही चालू आहे.

आपल्या लेखात सर्वांत खटकले ते क्युल्त्युरपार्क या मोठ्या उद्यानाचे वर्णन. 'शहराच्या मधोमध एवढी हिरवाई' म्हणून लेखिकेने कौतुक केले आहे. पण एवढी सलग जागा भर शहरात मोकळी राहिली कशी, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. तोवर ग्रीक ताब्यात असलेल्या या शहरात तुर्की सैन्य ९ सप्टेंबर १९२२ रोजी शिरले आणि चारच दिवसांनी लागलेल्या आगीत ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या बेचिराख झाल्या. हजारो माणसे धक्क्यावर जहाजांची वाट पाहत अडकून पडली. आग कोणी लावली याबाबत इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. तुर्की आणि यहुदी वस्त्या बहुतांशी वाचल्या, म्हणूनच केमेराल्ती आज पाहायला मिळतो. जळालेल्या भागावर मात्र नवा आराखडा आखला गेला आणि नगराध्यक्ष बेहचेत उझ यांच्या पुढाकाराने १९३६ साली तिथे हे उद्यान खुले झाले. पर्यटकाला आनंदाने फिरू द्यावे, त्याबद्दल तक्रार नाही, परंतु आपण कुठे उभे आहोत एवढे तरी त्याला कळायला हवे.

समुद्रकाठच्या कोर्दोनचीही कथा सांगण्याजोगी आहे. १९९०च्या दशकात तिथे भराव घालून महामार्ग नेण्याचा घाट घातला गेला होता. नागरिकांच्या विरोधामुळे आणि न्यायालयीन लढाईमुळे तो बारगळला आणि त्या भरावावर हिरवळ झाली. संध्याकाळी शहर जिथे पाय मोकळे करायला येते, ती हीच जागा.

इझमीरच्या ऐतिहासिक बंदरनगरीचा २०२० साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला आहे. त्यामुळे पुरवणीने कोनाकवर स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात उद्यानाच्या वर्णनासोबत १९२२च्या आगीचा स्पष्ट उल्लेख असावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे