क्रँक पुलीचा बोल्ट: आधी पुली धरा, मग जोर लावा

संपादक महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व यांचा मेळ राखणारा पट्टा) घरच्या घरी बदलण्यावर लेख आला होता. खुणा कशा जुळवाव्यात, टेन्शनर कसा बसवावा हे त्यात नीट सांगितलं आहे. पण ‘क्रँक पुलीचा बोल्ट सोडून पुली काढावी’ या एका ओळीत जे उरकलं, तिथेच भल्याभल्यांचं काम अडतं. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि ही पुली म्हणजे त्याच्या टोकावरचं चाक. शिवाय ‘बोल्ट निघत नसेल तर पाना अडकवून स्टार्टर मारावा’ असा तोडगा चौकटीत छापला आहे. तो काही गाड्यांत उलटा आणि सगळ्याच गाड्यांत धोक्याचा आहे. म्हणून हे पत्र.

स्टार्टरच्या युक्तीत पाना जमिनीला किंवा चासीला टेकवून बोल्ट जागीच अडवतात आणि क्रँक फिरवतात. पुलीसमोर उभं राहून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारं असलं, तरच याने बोल्ट सुटतो. होंडाची जुनी डी-सिरीज इंजिनं नेमकी उलटी फिरतात. आपल्याकडे 1998 ते 2003 मध्ये विकली गेलेली पहिली सिटी त्यातलीच. तिला स्टार्टर मारला की बोल्ट आणखी आवळतो, आणि आधी जो पाईप लावून निघाला असता तो मग हवेची गन लावूनही हलत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. या सिटीत पुली डाव्या चाकामागे असते. त्यानंतरच्या सिटीत ती उजव्या चाकामागे गेली आणि फिरण्याची दिशाही बदलली. पण दिशा बरोबर असली तरी पाना गोटीतून (सॉकेटमधून) निसटतो तेव्हा तो रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, ब्रेकचा पाईप किंवा माणसाचा हात यांतलं काही बघत नाही. इग्निशन आणि इंधन तोडायचं राहिलं आणि इंजिन खरंच सुरू झालं, तर काय होईल ते लिहायला नको.

मुळात हा बोल्ट इतका चिवट का? पुलीला चावी (क्रँक आणि पुलीच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) असली तरी ती मुख्यतः पुलीची जागा धरते. इंजिनाचे हिसके झेलतो तो बोल्टच्या आवळण्यातून आलेला दाब. म्हणून तो मुळातच जबर आवळलेला असतो. होंडाच्या डी-सिरीजच्या बऱ्याच इंजिनांना 181 न्यूटन-मीटर, जुन्या व्ही-सिक्स अकॉर्डला 245. स्वच्छ बोल्ट सुटताना आवळण्यापेक्षा थोडा कमीच जोर मागतो. पण वायसरखाली गंज धरला, आट्यांत तेल सुकून चिकट झालं, की 400-500 न्यूटन-मीटरचीही तयारी ठेवावी लागते. कोकणातल्या आणि मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांत तर हे ठरलेलंच.

आता हिशेब करा. 500 न्यूटन-मीटरसाठी 60 सेंटिमीटरच्या टॉमीच्या (गोटी फिरवायच्या दांड्याच्या) टोकाला सुमारे 85 किलोंचा जोर लागतो. त्याच टॉमीवर पाईप चढवून लांबी दीड मीटर केली की 34 किलोंत काम होतं. म्हणजे जोराची सोय पाईप करतो. खरा प्रश्न आहे तो या जोरापुढे पुली आणि क्रँक फिरू न देण्याचा.

इथे बहुतेक जण गाडी पाचव्या गिअरला टाकून एकाला ब्रेकवर उभं करतात. पाचवाच गिअर का, तर त्यात क्रँकचा पीळ चाकापर्यंत पोचताना कमी वाढतो आणि ब्रेकला तो सहज झेपतो. पहिल्या गिअरला तोच पीळ दहा-बारा पटींनी वाढून चाकावर येतो आणि टायर सरकतो. हे गणित बरोबर आहे, पण मध्ये क्लच आहे. दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क 130 न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि क्लच बनवतात तो त्याहून थोडा जास्त झेलेल एवढाच. त्याच्याकडून 500 न्यूटन-मीटर धरून ठेवण्याची अपेक्षा करणं चूक आहे. क्रँक हळूहळू फिरते, बोल्ट फिरतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात क्लच घसरत असतो. बोल्टच्या डोक्यावर आणि पुलीवर मिळून खडूने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली तरच बोल्ट हलला. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर काहीच धरत नाही, तेव्हा तिथे हा मार्ग मुळातच बंद.

फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या दुसऱ्या टोकावरच्या जड चाकाच्या) दात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवण्याची सवय मोडायला हवी. सगळा भार एका दात्यावर येतो. दाता तुटतो, नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर टेकलेलं ॲल्युमिनियमचं हाउसिंग तडकतं. अडकवायचंच असेल तर तीन-चार दात्यांत बसणारं लॉक वापरावं. टायमिंगची खूण धरायला ज्या पिना मिळतात त्या तर बोल्ट सोडताना कधीच भरवशावर घेऊ नयेत. त्या जुळवणीसाठी असतात, वाकतात आणि तुटतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी सोडण्याचा जुना उपाय दोन्ही व्हॉल्व बंद असलेल्या स्ट्रोकवरच करावा, नाहीतर व्हॉल्व वाकतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे पुलीच धरणं. होंडाच्या बऱ्याच पुल्यांच्या मधोमध 50 मिलिमीटरचा षट्कोनी खड्डा असतो, तो यासाठीच. त्यात बसणारा होल्डर बाजारात मिळतो, किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी कुठलाही लेथवाला तो करून देईल. 50 मिलिमीटरचा षट्कोनी बार, मधून 32 मिलिमीटरचं आरपार भोक, आणि त्याला वेल्ड केलेली मीटरभर जाड पट्टी. गोटी या भोकातून बोल्टपर्यंत जाते, म्हणून भोक पाडण्याआधी आपली गोटी बाहेरून मोजा. ज्या पुलीला षट्कोन नसतो तिच्या मधल्या भागावर बहुधा पुलरसाठी (पुली ओढून काढायच्या अवजारासाठी) आट्यांची भोकं असतात. त्यांत हाय-टेन्साइल बोल्ट पूर्ण खोल बसवून पट्टी धरावी. पुलीच्या कडेला चेनपाना लावू नये. बहुतेक पुल्यांत बाहेरची कडी आणि मधला भाग यांच्यात रबराचा थर असतो. तो फाटला की कडी सरकते.

काम करताना पुलीसमोर बसा. गाडी दोन्ही बाजूंनी भक्कम स्टँडवर, चाक आणि आतलं प्लॅस्टिक काढलेलं. होल्डरची पट्टी डावीकडे, खाली लाकडी ठोकळ्यावर टेकलेली. टॉमी उजवीकडे, आणि ती वर उचलायची. बोल्ट घड्याळाच्या उलट सुटतो, तेव्हा होल्डर जमिनीवर दाबला जातो आणि पुली तिथल्या तिथे राहते. या ओढाताणीत गाडीचा तो कोपरा थोडा हलका होतो, म्हणून पाईप जॅकने वर ढकलण्याची कल्पना मनातही आणू नका. झटके देऊ नका, जोर सावकाश वाढवत न्या. सुटताना मोठा ‘खाड’ असा आवाज येतो. तो बोल्ट तुटल्याचा वाटतो, पण बहुतेक वेळा सुटल्याचाच असतो.

आणखी एक जागा जिथे टॉमीचं फिरणं वाया जातं ती म्हणजे एक्स्टेंशन. अर्ध्या इंची लांब एक्स्टेंशन स्प्रिंगसारखं पिळतं. टॉमी वीस अंश फिरते आणि बोल्ट जागचा हलत नाही. पाऊण इंची घ्या, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाखाली स्टँड लावा, म्हणजे गोटी तिरकी होऊन डोक्यावरून घसरणार नाही. गोटी सहा कोनांचीच हवी, बारा कोनांची डोकं गोल करते. हवेची गन असेल तर तिलाही हेच लागू. बारीक आणि लांब नळी, छोटी टाकी, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, असं असलं की गनच्या ठोक्यांतला दम वाटेतच जातो. या बोल्टसाठी जाड, वजनदार गोटी मिळते. तिच्या वजनामुळे प्रत्येक ठोका बोल्टवर जास्त जोरात पडतो. ती घेतलेली परवडते.

बोल्ट गॅसने तापवण्यात शहाणपणा नाही. रबर जळतं, पुलीमागचं ऑइल सील कडक होतं आणि महिन्याभरात तेल गळू लागतं. गंजावर मारायचं पातळ तेल वायसरच्या कडेला रात्रभर सोडून ठेवा, पण आटे खोल आत असतात, तिथवर ते फारसं जात नाही. त्यापेक्षा डोक्यावर सरळ रेषेत हातोड्याचे दोन-चार ठोके बरे. ते गंजाची पकड सैल करतात.

काही इंजिनांना इथे उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी त्या इंजिनाचं मॅन्युअल उघडून पाहा. फोर्डच्या अनेक पेट्रोल इंजिनांत क्रँकवरच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) चावीच नसते, ते बोल्टच्या दाबावरच उभं असतं. तिथे कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) आणि क्रँक जागेवर न धरता बोल्ट ढिला केला की टायमिंग गेलंच.

बसवतानाची चूक मात्र सगळ्यात महाग पडते, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. गनने ‘बघून’ आवळलेला बोल्ट कमी आवळला गेला तर पुली चावीवर मागेपुढे हलू लागते. आधी चावी झिजते, मग क्रँकच्या नाकावरची (पुली बसते त्या टोकावरची) खाच रुंद होते. त्यानंतर बोल्ट कितीही आवळा, तो पुन्हा ढिला होतो, आणि पाळी क्रँक बदलण्यावर येते. माझदाच्या एमएक्स-फाइव्हच्या अगदी सुरुवातीच्या, 1990-91 च्या, इंजिनांना हा दोष एवढा भोवला की पुढे त्यांनी क्रँकचं नाकच लांब आणि जाड केलं. म्हणून आटे ब्रशने साफ करा. वायसरच्या कोणत्या बाजूला तेल लावायचं आणि कोणती कोरडी ठेवायची हे मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं, ते तंतोतंत पाळा. मग टॉर्क पान्यानेच आवळा. श्कोडा ऑक्टाव्हियाच्या 1.9 टीडीआयच्या क्रँक-स्प्रॉकेटच्या मधल्या बोल्टला 120 न्यूटन-मीटर आणि त्यापुढे 90 अंश. हा बोल्ट ताणला जातो, तो दर वेळी नवाच घालायचा. पुलीच्या कडेच्या रबराला भेगा दिसल्या तर त्याच वेळी पुलीही बदलून टाका.

पुढच्या पुरवणीत निदान स्टार्टरच्या युक्तीची ती चौकट मागे घेतल्याचं ठळक छापावं, आणि पहिल्या सिटीचं नाव घेऊन छापावं. त्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत, आणि जुन्या गाडीचं कामच लोक घरी करून बघतात.

आपला,
एक गॅरेज व्यावसायिक, कोल्हापूर