डोल्युटेग्राव्हिर चालू असेल तर मेटफॉर्मिनचा डोस पाहा

संपादक महोदय,

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीने म्हातारपण लांबते, असा मजकूर हल्ली वरचेवर वाचायला मिळतो. माणसांमध्ये ते अजून सिद्ध झालेले नाही. एचआयव्ही असलेल्या वयस्क मधुमेहींना याच गोळीविषयी आधी कळायला हवे ते वेगळेच आहे, आणि ते क्वचितच छापून येते.

एचआयव्हीच्या उपचारात आज डोल्युटेग्राव्हिर पहिल्या पसंतीचे औषध आहे. मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडातून, आणि ती वाट हे औषध थोडी अडवते. रोज ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्याच्या रक्तात मेटफॉर्मिन सुमारे ७९ टक्क्यांनी वाढते. म्हणजे चिठ्ठीवर हजार, अंगात जवळपास अठराशे. डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा असेल तर दुपटीच्याही वर. म्हणून दोन्ही एकत्र देताना मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवतात. सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत पाचशेची एकेक गोळी. आधीपासून दोन हजार चालू असेल आणि एचआयव्हीची गोळी मागाहून बदलली, तर नेमके इथेच चुकते. जुलाब लागतात, अन्नावरची वासना उडते, वजन उतरते, आणि घरचे म्हणतात, वय झाले. उलट डोल्युटेग्राव्हिर बंद झाले की साखर वर जाऊ शकते, तेव्हा डोस पुन्हा पाहावा लागतो.

ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती गाळतात ते सांगणारा आकडा, ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंदच. मात्र डोल्युटेग्राव्हिर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन, ज्यावरून ईजीएफआर काढतात, जरासे वाढून तिथेच थांबते. ते मूत्रपिंड बिघडल्याचे लक्षण नव्हे; क्रिएटिनिनचीही तीच वाट अडते, एवढेच. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी करता येते. क्रिएटिनिन चढतच राहिले, आणि त्यात टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल हे मूत्रपिंडाला इजा करू शकणारे एचआयव्हीचे औषध चालू असेल, तर मात्र वेळ दवडू नये.

एकट्या एचबीएवनसीवर, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीवर, विसंबू नये. झिडोव्हुडिन किंवा अबाकाव्हिर ही एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांत हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसू शकतो. उपाशीपोटीची साखर दोनदा १४० आणि एचबीएवनसी ६.२, असे कागद हातात आले तर विश्वास साखरेवर ठेवावा.

तळपायांना मुंग्या येत असतील तर दोष मधुमेहाचा असेल, विषाणूचा असेल, किंवा पूर्वी घेतलेल्या स्टॅव्हुडिन या एचआयव्हीच्या जुन्या औषधाचाही. पण वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व घटते, त्यानेही हेच होते आणि ते भरून काढता येते. ती तपासणी वर्षातून एकदा करावी.

हाडांसाठी कॅल्शियम किंवा रक्तासाठी लोह घेत असाल, तर उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावे. जेवणासोबत दोन्ही एकदम चालतात. अँटासिडला ही जेवणाची सवलत नाही.

हे सारे चुकते, कारण मधुमेहाच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवला जातो. त्यामागची भीती खोटी नाही. त्यांना सांगणे जमतच नसेल, तर मधुमेहाची चिठ्ठी निदान एचआयव्हीच्या डॉक्टरांना दाखवावी; तिथे लपवण्यासारखे काही उरलेले नसते. गोळी मात्र आपल्या मनाने कमी करू नये, दोन्हींपैकी कोणतीही.

आपला,
एक फार्मासिस्ट